कामाचा का शोभेचा

फोनवर फोटो आला की काका विचारायचे, "बाई, कामाचा का शोभेचा?" मी म्हणायचे, "शोभेचा." मग काका बोटाने तो पुढे सारायचे आणि फोन पुढचं वाचायला लागायचा. हा सवाल-जवाब आमच्या घरात दिवसातून इतक्या वेळा व्हायचा की आई आमची नक्कल करायची. ताटात पापड वाढताना मला विचारायची, "हा कामाचा का शोभेचा गं?"

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, राहिले आमच्यातच. गोरेगाव ते सेनगाव, तिथून हिंगोली, अशी काळी-पिवळी जीप त्यांनी अर्धं आयुष्य चालवली. मग काचबिंदूने नजर गेली. एकदम नाही, कडेकडेने गेली. आधी बाजूची माणसं दिसेनात, मग बाजूची झाडं, शेवटी समोरचा रस्ता तेवढा राहिला, नळीतून पाहावा तसा. तेवढ्यावरही त्यांनी काही महिने जीप चालवली, हे आम्हाला फार उशिरा कळलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

त्यांचा फोन बोलता करून दिला तो मीच. बोट फिरवलं की खाली जे लिहिलेलं असेल ते तो वाचून दाखवतो. काका डाव्या हाताने चालवतात, कारण उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर जीपच्या पंख्याच्या पट्ट्यात गेलं, मी शाळेत होते तेव्हा. तर फोन अक्षरं सगळी वाचतो, पण फोटो आला की त्याची बोलती बंद. नुसतं म्हणतो, "फोटो." गुलाबाचा असो की लग्नाच्या पत्रिकेचा, त्याला सगळे सारखेच. आणि आपल्याकडे आता सगळंच फोटोतून येतं. बारसं, वास्तुशांती, लाईट कधी जाणार, कोण निवडून आलं, कोण वारलं. दुकानातून फुलं-चौकट टाकून बनवून आणायचं आणि मोबाईलवर सोडून द्यायचं. काकांना लोकांनी गावाच्या तीन-चार ग्रुपांत घातलं होतं. दिवसभर फोटो, फोटो, फोटो. वैतागून एका सकाळी सगळ्यांतून बाहेर पडले.

गंमत अशी, की माझं पोटही याच कामावर आहे. हिंगोलीत कॉम्प्युटरचा कोर्स केला, पुण्याच्या एका लहानशा कंपनीचं काम घरून करते. वेबसाइट अंध माणसाला नीट ऐकू येते का ते तपासायचं. पानावर जितके फोटो असतील त्या प्रत्येकामागे कोडमध्ये एक जागा असते, तिथे त्या फोटोत काय आहे ते शब्दांत लिहायचं, म्हणजे वाचणारं सॉफ्टवेअर ते बोलून दाखवतं. पण सगळ्यांचं लिहायचं नसतं. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी एक प्रश्न पाठ करायला लावला होता: हा फोटो काढून टाकला तर ऐकणाऱ्याचं काही अडेल का? अडत असेल तर लिही. अडत नसेल तर दोन अवतरणचिन्हं टाक आणि मध्ये काही लिहू नको. मग सॉफ्टवेअर तिथे थांबतच नाही, तो फोटो जणू पानावर नाहीच.

शोभेचा हा शब्द मात्र काकांचा. मी नवीन होते, उत्साहाने सगळ्याच फोटोंची वर्णनं लिहीत सुटले होते. एका दवाखान्याचं पान काकांना ऐकायला दिलं. फोन वाचत गेला: हसणारी महिला डॉक्टर. हसणारा रुग्ण. हसणारं कुटुंब. काका थोडा वेळ ऐकत बसले, मग म्हणाले, "दवाखान्यात एवढं काय हसून राहिले हे? मला फुलं-पानं सांगत बसू नको, बाई. केसपेपरची खिडकी कितीला उघडती ते सांग. बाकी समदं शोभेचं." मी ते बरोब्बर लक्षात ठेवलं. पुढे माझं काम फार चांगलं व्हायला लागलं. कुठला फोटो पुसायचा याची नजर हिला आहे, असं पुण्याचे साहेब म्हणायचे, आणि मला, खोटं कशाला बोलू, त्याचा माज होता.

एक फोटो मात्र रोज यायचा, सकाळी साडेसहाच्या सुमाराला. फोन म्हणायचा, "कनेरगाव. फोटो."

ड्रायव्हर लोक एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, गावाने मारतात. कनेरगाव म्हणजे काकांचा जिवाभावाचा दोस्त. कनेरगाव नाक्याच्या पलीकडे एका तांड्यावर राहायचा, हिंगोली–वाशिम रस्त्यावर जीप चालवायचा. हिंगोलीच्या स्टँडवर या दोघांच्या गाड्या शेजारी लागायच्या, दोघांचा डबा एकच असायचा. तो काकांना गोरेगाव म्हणायचा. काकांची नजर गेल्यावर स्टँडवरचे बाकीचे हळूहळू पांगले. हा पांगला नाही. त्याला लिहिता येत नव्हतं. गावांच्या पाट्या तेवढ्या वाचायचा. म्हणून रोज सकाळी त्याला कुठून तरी आलेला एखादा फुलाचा, पाखराचा, देवाचा फोटो तो काकांना पुढे ढकलायचा. काका त्यावर तोंडी निरोप पाठवायचे. "पोचला रे. च्या झाला का?" असं काहीतरी, आणि बरोबर एखादी शिवी. एकाला लिहिता येत नाही, दुसऱ्याला दिसत नाही, आणि मध्ये गुलाबाचा फोटो. मला हसू यायचं. मी एकदा म्हटलं, "काका, त्यापेक्षा फोन काहून करत न्हाईत तुमी?"

"रोज काय बोलावं, बाई? फोटो आला म्हंजी गडी हाय. बास."

सुरुवातीला मी त्यांना सांगायचे, आज कमळ आहे, आज दोन पोपट आहेत. मग कंटाळा यायला लागला. मला कंटाळा आणि राग, दोन्ही लवकर येतात. आंघोळीला निघालेली असायचे, नाहीतर तव्यावर भाकरी असायची. नुसतं "शोभेचा" म्हणून मोकळी व्हायचे. नियमाने पाहिलं तर चूक काय होती? त्या कमळावाचून कोणाचं काय अडणार होतं? फोटो ओळखून सांगणारी ॲपं आता आली आहेत, त्यातलं एक काकांच्या फोनात टाकून पाहिलं. ते म्हणायचं, "फुले, मजकूर असू शकतो." काका म्हणाले, "काढ ते. तू हायेस की."

त्या दिवशी साडेसहाचा फोटो आला नाही. काका ओट्यावर फोन मांडीवर ठेवून बसले. सात झाले, आठ झाले. आईने चहा दिला, तो निवला. नऊ वाजून गेल्यावर फोन म्हणाला, "कनेरगाव. फोटो." मी आतल्या खोलीत पुण्याच्या लोकांशी बोलत कामाला बसले होते. एका शाळेची वेबसाइट होती. रांगोळ्यांचे फोटोच फोटो, आणि मी एकामागे एक रिकामी अवतरणं टाकत चालले होते. काका दारात येऊन उभे राहिले. फोन माझ्याकडे धरला होता, म्हणजे खरं तर भिंतीकडे.

"बाई, कनेरगावचा आला. कामाचा का शोभेचा?"

मी कानावरचा हेडफोन न काढता मान वळवली. दोन हातांवरून, तिरक्या धरलेल्या फोनवर, झेंडूच्या माळा दिसल्या. खाली दिवा दिसला.

"शोभेचा," मी म्हणाले. "झेंडू हायेत."

काकांचा जीव भांड्यात पडलेला मला तिथून दिसला. तिथंच दाराला टेकून त्यांनी निरोप पाठवला. शब्द न् शब्द माझ्या कानात आहे. "काय रे कनेरगाव, आज गाडी लेट? म्या म्हनलं गेला का काय वर, न सांगता." आणि हसले. मीही हसले, माझा माईक बंद करून.

दुसऱ्या दिवशी फोटो आला नाही. मी म्हटलं, नेट नसेल. काकांनी दुपारी फोन लावला, कोणी उचलला नाही. मी म्हटलं, तांड्यावर रेंज नसते. माझ्याकडे सगळ्याला उत्तर तयार होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "बघ बरं जरा. माह्या बोटानं काही दाबलं गेलं का. बंद केलं का काय त्याला मी?"

मी फोन हातात घेतला. सगळ्यात खाली काकांचा तो निरोप होता. त्याच्यापुढची खूण निळी झाली होती, म्हणजे कोणीतरी तो ऐकला होता. त्याच्या वर झेंडूचा फोटो. मी तो उघडला.

माळा होत्या, दिवा होता. मध्ये गोलात काकांच्या वयाचा एक माणूस होता. वर लिहिलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली. खाली तारीख होती आणि तिच्याखाली, अंत्ययात्रा आज दुपारी बारा वाजता, राहत्या तांड्यावरून. 'आज' म्हणजे परवा.

मी तारीख पुन्हा वाचली. काका म्हणाले, "काय झालं?"

"काका, कनेरगाव गेले."

"कुठं गेला?"

मी पुन्हा म्हणाले, "गेले, काका." तेव्हा त्यांना समजलं. कितीतरी वेळ ते मान खाली घालून, गुडघ्यावर हात फिरवत बसले. मग विचारलं, "तुला कसं कळलं?"

"फोटो आलाय."

"कवा?"

"परवा."

"परवा तर झेंडू व्हता," काका म्हणाले.

त्यांनी आणखी एक शब्द विचारला नाही. ते उठले, भिंत धरून दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "माही चप्पल दे."

हे नीट समजायचं तर काकांचं एक सांगायला हवं. आमच्याकडे मातीला जाणं, म्हणजे अंत्यविधीला जाणं, कोणी चुकवत नाही. पण काकांचं त्याहून वेगळं होतं. भरलेली जीप रस्त्यात थांबवून, पशिंजर दुसऱ्या गाडीत बसवून ते मातीला गेलेले आहेत. भांडण असलेल्या माणसाच्याही गेले. शेवटचं तोंड पाहिलंच पाहिजे म्हणायचे. डोळे गेल्यावरही जायचे. तोंड दिसायचं नाही, पण खांदा द्यायचे. आणि ज्याच्या मातीला त्यांनी काहीही सोडून जावं, त्याची माती मी दोन हातांवरून शोभेची ठरवली होती.

आम्ही जीपने कनेरगाव नाक्याला गेलो. काका पुढे बसले. एरवी ते खड्ड्यांवरून ओळखत जायचे, आता पूल आला, आता वळण. त्या दिवशी काही बोलले नाहीत. नाक्यावरून तांड्याकडे रस्ता फुटतो तिथे मोठा फ्लेक्स लावला होता, तोच फोटो, तेच झेंडू. मी काकांचा हात धरून खाली मान घालून पुढे गेले. त्याच्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

राख सावडून सकाळीच झाली होती. तिथेही उशीरच. अंगणात खुर्चीवर हार घातलेला फोटो होता, आणि खाली दहा-पंधरा माणसं बसलेली. थोरला मुलगा माझ्याच वयाचा. त्याने काकांना बसायला दिलं, पण बोलला तो कोरडं. "फोटो टाकला होता, काका. सगळ्या जीपवाल्यायले टाकला. बाकी सगळे आले."

चूक त्याची काय? आता कोण फोन करून सांगतं? फोटो टाकला म्हणजे सांगितलं.

मग आतून कनेरगावच्या पत्नी आल्या. घरात त्या त्यांच्या बोलीत बोलत होत्या, काकांशी मराठीत बोलल्या. "बारा वाजता उचलायचं व्हतं, भावजी. मी म्हनलं थांबा, गोरेगाव येऊन राहिले असतील. अर्धा घंटा ठेवलं आंगनात." काका नुसते ऐकत होते. "मंग रातच्याला पोरानं फोन उघडला तं तुमचा आवाज आला."

मी जमिनीकडे पाहत होते.

"पोरगं लय चिडलं," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, त्याहीले दिसत न्हाई रे बापा. कोनी सांगितलं नसंल."

काका लगेच म्हणाले, "माहा फोनच बिघडला व्हता, वहिनी. फोटो उघडतच नव्हता. आज दुरुस्त करून आनला तवा कळलं."

उभ्या आयुष्यात मी काकांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. तोंड उघडून म्हणायला हवं होतं, फोन चांगला होता, मी पाहिलं नाही. मी समोर आलेला चहाचा कप उचलला. कपातला चहा संपवला आणि परत निघालो.

काका मला कधीच काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी रागीट माणूस, मला राग कळतो. चार शिव्या खाऊन, दोन दिवस रडून मी मोकळी झाले असते. त्यांनी फक्त विचारणं बंद केलं. फोन म्हणायचा, "फोटो," आणि काका बोटाने तो पुढे सारायचे. कामाचा का शोभेचा, काही नाही. मी मुद्दाम जवळ जाऊन बसायचे. म्हणायचे, "बघू का, काका?" ते म्हणायचे, "राहू दे. तुला काम असंल." आईनेही पापडाची थट्टा सोडली. आमच्या घरातून एक वाक्यच गेलं.

कामावर माझी वेगळीच तऱ्हा झाली. अवतरणं टाकायची आणि मध्ये काही लिहायचं नाही, हे हाताला जमेना. पानाच्या कडेची वेलबुट्टी असो की नुसती रेघ, मी लिहीत बसायचे. न जाणो, कोणाचं काही असलं तर. तपासणीला एक अंध बाई होत्या, त्यांनी ते पान परत पाठवलं. कान किटले म्हणाल्या, कामाचं कुठे आहे तेच सापडत नाही. बरोबरच होतं त्यांचं. नियम चुकीचा नव्हताच. पण फोटो कोणी कोणाला पाठवलाय आणि ऐकणारा कशाची वाट पाहत बसलाय, ते पाहिल्याशिवाय त्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, हे मला तोवर कळलं नव्हतं. फोटोत काय आहे तेवढंच मी पाहायचे, आणि त्या दिवशी तर तेही पाहिलं नाही.

महिन्याभराने एका दुपारी धीर करून मी त्या मुलाला फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "मायले तवाच समजलं व्हतं, ताई. तुमचं तोंड पाहून."

त्यानंतर काही दिवसांनी काकांच्या फोनात जागा संपली. दर थोड्या वेळाने फोन तेच तेच ओरडायचा. काकांनी मला हाक मारली, ती माझ्यासाठी किती दिवसांनी आलेली हाक होती. मी पाहिलं तर सगळी जागा कनेरगावच्या फोटोंनी खाल्लेली. मी म्हटलं, "काका, हे दुसरीकडं काढून ठेवते. पुसत न्हाई."

"काढशील. आधी वाच."

"काय वाचू?"

"पहिल्यापासून सांग. कोन्ता फोटो काय हाय ते. म्या एक बी पाहिला न्हाई त्याचा."

तर ओट्यावर बसून मी सांगायला लागले. लाल गुलाब, पाण्याचे थेंब. दोन मोर, गळ्यात गळा. कपबशी, वाफ निघतीये. उगवता सूर्य. पुन्हा तोच गुलाब. काका म्हणायचे, "पुढं." मध्येच हसायचे, "मोर? त्याला मोर कुठून सापडला?" रोज दुपारी थोडे थोडे. मी घाई केली की त्यांना लगेच कळायचं, म्हणून घाई केली नाही. कितीही लहान असला तरी पाखराचा रंग सांगितला.

चौथ्या-पाचव्या दुपारी एक फोटो आला तो फुलाचा नव्हता. त्यांनी स्वतः काढलेला होता, हलल्यामुळे पुसट. कोणाच्या तरी वाड्यात उभी असलेली चाकं नसलेली जीप, बोनेटवर दोडक्याचा वेल चढलेला.

"काळी-पिवळी?" काकांनी विचारलं.

"व्हय."

"डाव्या अंगाचा दिवा हाय का?"

"न्हाई. तिथं पत्रा ठोकलाय."

"माही हाय ती," काका म्हणाले. "म्या ठोकला व्हता तो पत्रा." गाडी विकल्यावर कुठे गेली याचा त्यांना पत्ता नव्हता. दोस्ताने ती कुठेतरी शोधून काढली होती आणि फोटो काढून पाठवला होता. काकांना दिसत नाही, हे त्याला माहीत होतं. पण घरात पुतणी आहे, ती सांगेल, हेही माहीत होतं. "तवा तू काय म्हनली व्हतीस?"

मला आठवत नव्हतं. आठवायची गरजही नव्हती. त्या फोटोखाली काकांचा त्या दिवशीचा निरोप होता, तो त्यांनी लावायला सांगितला. "काय रे, रोज रोज फुलं पाठवून राहिला, माळी झाला का काय?" त्यावर कनेरगावने काही पाठवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला कमळ.

मला रडू आवरेना. मी रडत म्हणाले, "चुकलं माझं, काका. दोन्ही वेळा चुकलं." काका म्हणाले, "व्हय, चुकलं." एवढंच. पण ते म्हणाले म्हणून मला श्वास घेता आला.

शेवटचा फोटो राहिला होता, तो दोघांनाही ठाऊक होता. त्या दुपारी काका आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर येऊन बसले. "वाच," म्हणाले.

मी वाचलं. भावपूर्ण श्रद्धांजली. नाव, वय, तारीख. दुपारी बारा वाजता. शोकाकुल परिवार. अक्षर न् अक्षर वाचलं. झेंडूच्या दोन माळा, एक समई.

"आन् तो?"

"मधी गोलात हाय. हसून राहिलेत. पांढरा शर्ट हाय, खिशाला पेन हाय."

"पेन?" काकांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "त्याला कुठं लिहाया येत व्हतं. शोभेचा व्हता तो." आणि मग त्यांना खरंच हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. ते पुसून म्हणाले, "अजून?"

"खांद्यावर एक हात हाय."

"कोनाचा?"

"कळत न्हाई. कोणासोबत तरी उभे असतील. बनवणाऱ्यानं शेजारचा माणूस कापून टाकलाय, हात तेवढा राहिलाय."

असं नेहमी होतं. अशा फोटोंत कोणाचा तरी खांदा, कोणाचा तरी हात उरलेला असतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मीही पुढे जाणार होते. मग थांबले आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. जाड, काळा हात होता. चार बोटं शर्टावर टेकलेली. मधलं बोट बाकीच्यांपेक्षा आखूड.

"काका," मी म्हणाले, "मधलं बोट आखूड हाय."

काकांनी उजव्या हाताच्या अंगठ्याने आपलं ते बोट चाचपलं. पुन्हा पुन्हा चाचपलं.

"हाच फोटो तिथं लावला व्हता का? त्या दिवशी?"

"व्हय. तांड्याच्या वाटेवर मोठा फ्लेक्स व्हता. त्याच्याच खालून नेलं असंल त्यांना."

काकांनी तोंड रस्त्याकडे वळवलं.

"मंग म्या व्हतो म्हन मातीला," ते म्हणाले.

"व्हय, काका," मी म्हणाले. "तुमी व्हता."